साठावा हिस्सा

टेबलावरच्या युद्धखेळासाठी डोंगर, ओढे आणि पडकी घरे स्वतःच्या हातांनी घडवणाऱ्याच्या मनात एक भागाकार सतत चालू असतो. या खेळातले सैनिक बहुधा २८ मिलिमीटर उंचीचे असतात, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याइतके. त्यामुळे वाटेत सापडलेली झाडाची साल असो की घरात टाकून द्यायला काढलेले खोके, ते साठपट मोठे झाले तर कशासारखे दिसेल, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो. एक मिलिमीटरचा वाळूचा कण या जगात सहा सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून बारीक चाळलेली वाळू मातीसाठी वापरायची आणि चाळणीत राहिलेली भरड ढासळलेल्या भिंतीच्या पायथ्याशी टाकायची. चाळणी हे या कामातले सर्वांत उपयोगी हत्यार आहे, असे माझे ठाम मत आहे. रंगांच्या नेमक्या छटांचा क्रमांक बराच नंतर लागतो.

सगळ्याच वस्तू हा भागाकार निमूटपणे मान्य करत नाहीत. दगड करतो. भूशास्त्रज्ञ खडकाचे छायाचित्र घेताना शेजारी हातोडा किंवा नाणे ठेवतात, कारण त्यावाचून समोरची भेग बोटाएवढी आहे की दरीएवढी, हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. ज्यांचा छोटा भागही मोठ्या भागासारखाच खडबडीत असतो, अशा आकारांना बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९७५ साली ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिले. टेरेन, म्हणजे टेबलावरची भूमी, करणारे नेमके हेच आकार शोधत हिंडतात, मग त्यांना गणिताची आवड असो वा नसो. जाड सालीच्या भेगा झाडावर उभ्या असतात. तोच तुकडा आडवा चिकटवला की त्या खडकाचे थर वाटू लागतात. उपटलेल्या तणाची मुळे उलटी धरली, तर फांद्या फुटलेले निष्पर्ण झाड तयारच मिळते, आणि तशी वेडीवाकडी फांदी तारेला पीळ देऊन सहसा साधत नाही.

उलट, पान हे हटवादी असते. पाच सेंटिमीटरचे पान टेबलावर तीन मीटरचे होते, आणि त्याच्या शिरा दिसल्याबरोबर सारा देखावा कोसळतो. म्हणून जंगलाच्या तळाचा पालापाचोळा पानांपासून न करता चहाच्या चोथ्यापासून करतात. तो नीट धुऊन खडखडीत वाळवला की त्याचा प्रत्येक कण साठाव्या हिश्श्यातल्या पानाएवढा भरतो. पाणी तर पानाहूनही हट्टी. पृष्ठताणामुळे त्याचा थेंब काही मिलिमीटरचाच राहतो, त्याला लहान सैनिकांची पर्वा नसते; चार मिलिमीटरचा थेंब त्यांच्या हिशेबाने जवळजवळ पाव मीटर रुंद. त्यामुळे टेबलावरच्या ओढ्यात खरे पाणी कधीही पाण्यासारखे दिसत नाही, आणि पारदर्शक रेझिनचा किंवा व्हार्निशच्या अनेक पातळ थरांचा आधार घ्यावा लागतो. गंमत अशी की हाच पृष्ठताण कामाच्या प्रत्येक टप्प्यावर आडवा येतो: पाण्यात पातळ केलेला पांढरा गोंद वाळूत झिरपण्याऐवजी वर गोळा होऊन बसतो, आणि त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब पडल्यावरच मुकाट्याने आत शिरतो.

घरातल्या वस्तूंचे नशीब मात्र एका रात्रीत पालटते. काथ्याच्या पायपुसण्याचा तुकडा उभ्या पिकाचे शेत होतो, भांड्यांची घासणी कापून कुंपणाची झुडपे निघतात, खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या वळ्या पत्र्याचे छप्पर होतात. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग तेवढा मारू नये. त्यातले द्रावक थर्मोकोल वितळवते आणि डोंगराची चाळण होते. पुठ्ठ्याच्या तळावर गोंद लावला की तो वाळताना आकसतो आणि तळ वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंना गोंद लावणे शहाणपणाचे.

रंगकामात प्रकाश दगा देतो. खोलीतल्या पसरलेल्या उजेडात एवढ्याशा खाचेत सावली पडतच नाही. ती गडद पातळ रंगाने खाचांत सोडावी लागते, आणि जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर फिका रंग घासून ऊन दाखवावे लागते.

इतके करूनही हा भागाकार पूर्ण पाळता येत नाही, हे या छंदातले उघड गुपित आहे. १८ मीटरचे झाड ३० सेंटिमीटरचे केले, तर सोंगट्या हलवणारा हात त्यात अडकतो. म्हणून झाडे निम्म्या उंचीची करतात. जुन्या बंदुकीचा १०० मीटरचा पल्ला हिशेबाने १६६ सेंटिमीटर येतो, आणि बहुतेक टेबले सहा फूट बाय चार फूट, म्हणजे पल्ला टेबलाच्या रुंदीबाहेर! प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात थोरल्या फॉन राइसविट्झने १८१२ साली राजाला भेट दिलेल्या युद्धखेळात प्लास्टरचे रंगवलेले तुकडे मांडून भूमी उभी करता येत असे. त्याच्या मुलाने १८२४ साली तो खेळ १:८००० प्रमाणाच्या नकाशावर नेला आणि अंतरे खरी झाली, पण डोंगर सपाट झाले. सैन्याला ते परवडले, छंदाला परवडत नाही. आजही अंतराचे प्रमाण आणि उंचीचे प्रमाण वेगळे ठेवून सारे खेळतात, घरांचा विस्तारही बिनदिक्कत आखडता घेतात. दाराच्या बाबतीत मात्र काटकसर उलटी चालते. सैनिक दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या तळावर उभा असल्याने अचूक मापाचे दार त्याच्या टोपीला लागेल असे दिसते. म्हणून ते जाणूनबुजून थोडे उंच कापावे, आणि पट्टी बाजूला ठेवून शेजारी सैनिक उभा करून पाहावा.