उसवलेली बाही

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज डायलिसिसला पुन्हा ड्युटीवर नवा डॉक्टर. यांची फाईल समोर उघडी, तरी मलाच विचारतो, "साखर कधीपासून? फिश्चुला कधी केला? ड्राय वेट किती?" फिश्चुला म्हणजे सुया टोचायला हातात जोडून घेतलेली शीर, ड्राय वेट म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन. मी घडाघडा सांगून टाकलं. आता ते संडे स्कूलमधल्या वचनासारखं तोंडपाठ झालंय. मंगळवार, गुरुवार, शनिवार, प्रत्येक वेळी चार तास. मधल्या दिवसांत यांचं प्यायचं पाणी मी तांब्यात मोजून ठेवते. तरीही आज वजन अडीच किलो वाढलेलं निघालं. मी लागट बोलले. ते गप्प राहिले, आणि तेच मला जास्त लागलं.

रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "विश्वासात कुठं कमी पडताय का, बघा." मी हसून सलाम केला आणि चपला शोधायला लागले. मनात काय आलं ते इथंही लिहीत नाही.

आमच्या बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या वेळची फ्रेम आहे: "येशू ख्रिस्त काल, आज व युगानुयुग सारखाच आहे." बायबलातलं इब्री १३:८. वर्षभर मला त्या फ्रेमचा रागच यायचा. तू सारखा आहेस रे, आमचं सगळं उलटंपालटं झालं त्याचं काय? मला तर तू बदलायला हवा होतास. निदान एकदा, निदान यांच्यापुरता.

आज मशीन सुरू झाल्यावर हे झोपले, तेव्हा स्तोत्र १०२ काढलं. गांजलेल्या माणसाची प्रार्थना आहे ती. पहिली अकरा वचनं नुसती कुरकुर. दिवस धुरासारखे विरले, हाडं जळताहेत, जेवायचं भान नाही, छपरावरच्या एकट्या चिमणीसारखा जागतोय. वर देवालाच ऐकवतो, तूच मला उचललंस आणि तूच फेकून दिलंस! मग बाराव्या वचनात सूर पालटतो: पण हे परमेश्वरा, तू सर्वकाळ आहेस. मला वाटलं, झालं, आता गाडी रुळावर आली. तर कुठलं काय, तेविसाव्या वचनात पुन्हा रडणं. वाटेतच माझी शक्ती खुंटवलीस, आयुष्याच्या मध्यावर मला नेऊ नकोस.

तिथं मी थांबले. हे बावन्न वर्षांचे आहेत.

पुढं आकाश आणि पृथ्वी कपड्यासारखी जुनी होतील, तू ती बदलशील, पण तू मात्र तोच राहशील, असं येतं. एरवी हे भव्य वगैरे वाटलं असतं. आज यांच्या सदऱ्याकडं लक्ष गेलं. सुया टोचायला हात मोकळा राहावा म्हणून डाव्या बाहीची शिलाई मीच उसवलीय, बटणं लावलीत. कॉलर पार विरलीय. एवढं आकाश, तेही त्याच्यापुढं असाच एक सदरा.

पंडिता रमाबाई आठवल्या. लहानपणी केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये गेलो होतो. दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग नवरा. त्या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमा, एकुलती एक लेक, गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. म्हणजे हे स्तोत्रही त्यांच्या हाताखालून गेलंच असणार. शब्द शोधताना बाई कितव्या वचनाशी अडल्या असतील?

दुखणं जिथल्या तिथं आहे. किडनीच्या तपासणीतलं क्रिएटिनिन काही स्तोत्र वाचून उतरत नाही. पण घरी येताना रिक्षात एक गोष्ट लक्षात आली. रोज नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगून माझा जीव मेटाकुटीला आलाय. देवाला मात्र काहीच पहिल्यापासून सांगावं लागत नाही. साखर निघाली त्या दिवशी तोच होता, आजही तोच.

म्हणून आज प्रार्थनेत नेहमीचं पाल्हाळ लावलं नाही. "प्रभू, अडीच किलो," एवढंच म्हटलं.

निळ्या सदऱ्याची बाही उसवायची राहिलीय, गुरुवारी तो लागेल. हे जागेच आहेत वाटतं. त्या लागट बोलण्याचं काहीतरी करायला हवं.