दोन मुली आणि लोणारचं विवर: वऱ्हाडातली हिवाळी सहल

आमच्या वऱ्हाडात लहान मुलांना घेऊन फिरायचे दिवस मोजकेच. उन्हाळ्याची सुट्टी सगळ्यांत लांब. इथल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात भरतात. पण पारा ४५ ला टेकला की सकाळी दहानंतर पोरींना अंगणातसुद्धा सोडता येत नाही. ती सुट्टी मामाच्या गावी, कूलरपुढे आणि वाळवणाची राखण करण्यातच जावी. दिवाळीपर्यंत सोयाबीन घरात येतं, पण हरभऱ्याची पेरणी आणि कापसाची वेचणी समोर उभी असते. उरतो डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. त्यातही ओलिताला दिवसाची लाईन, म्हणजे शेतपंपाची वीज, असेल तोच आठवडा धरावा. रात्रीच्या लाईनीत दुसऱ्याच्या वावरातली मोटर सांभाळायला कोणी सहसा तयार होत नाही, दिवसाची पाळी मात्र शेजारी आनंदानं बघतो.

या दिवसांत अकोला, वाशीम, बुलडाण्याकडच्या घरांसाठी लोणारसारखी जागा नाही. दोन दिवसांत नीट होते आणि पाच वर्षांच्या मुलीलाही काहीतरी हाताला लागतं. लोणार, सिंदखेडराजा आणि शेगाव एकाच दिवसात उरकणारे पुष्कळ आहेत. लहान मुली सोबत असतील तर तसं करू नये. दिवसाला एक मोठी जागा आणि दुपारची झोप, एवढं धरूनच बाकीचं बसवायचं.

तयारी आठवडाभर आधी घरीच सुरू होते. परातीत चार बोटं चुलीची राख चाळून पसरायची, वर हळदीचा पातळ थर द्यायचा आणि खांद्याच्या उंचीवरून गोटी सोडायची. मधोमध खड्डा पडतो, कडा वर उचलली जाते आणि खालची करडी राख पिवळ्या थरावर उधळते. लोणारला नेमकं हेच झालं: आकाशातून अशनी बेसाल्टच्या, म्हणजे लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या खडकावर आदळला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला आणि आतला माल बाहेर पडून कडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर उंच झाली. बेसाल्टमधली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारेही इथे येतात. राख चाळलेली नसेल तर खड्ड्याची कड ढासळते आणि पोरींचा विश्वास बसत नाही. चाळणी विसरू नये. हा खेळ घरी झालेला असला, की विवराच्या काठावर उभं राहिल्यावर समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी तयारी हळदीच्या कागदाची. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे धुण्याच्या दगडाशी बसणाऱ्या मुलींनी पाहिलेलंच असतं. चमचाभर हळद पाव वाटी पाण्यात कालवून चित्रकलेच्या जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या त्यात बुडवाव्यात, सावलीत वाळवाव्यात आणि कोरड्या डबीत ठेवाव्यात. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. सोबत एक लिंबू घ्यावं. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं तर तेही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून घ्यावं.

शिदोरीला दशम्या. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी चिरलेला गूळ अर्ध्या वाटी कोमट दुधात विरघळवून, गाळून घ्यायचा, दोन चमचे तेलाचं मोहन घालायचं आणि पाण्याचा थेंब न लावता घट्ट मळायचं. सैल वाटलं तर कणीक वाढवावी, कमी पडलं तर दूध. हिवाळ्यात या दशम्या दोन दिवस चांगल्या राहतात. बिघडतात त्या बहुधा गरम असतानाच डब्यात भरल्यामुळे: वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. पूर्ण गार करून सुती फडक्यात बांधाव्यात. जवसाची चटणी वेगळ्या डबीत. धाकट्या मुलीसाठी बिनतिखटाची, नाहीतर विवराच्या तळाशी पाण्याची बाटली तिथेच संपते.

कपड्यांत फ्रॉक नको. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळलेलं असतं आणि त्याची कुसळं फ्रॉकच्या घेराला, मोज्यांना धरतात. पायाला घासली की रडारड. पूर्ण लांबीची सुती पँट आणि बंद बूट घालावेत. चप्पल घातली तर सराटा तळव्यातून वर येतो. केसांच्या दोन घट्ट वेण्या घालून वर बांधून टाकाव्यात, कारण पायवाटेवर वेड्या बाभळीच्या फांद्या बरोबर मुलींच्या डोक्याच्या उंचीवर येतात. वेणी बापाला आलीच पाहिजे. तेल थोडंच लावायचं, तिन्ही पेड सारखे घ्यायचे आणि सुरुवात कानामागून करायची. डोक्याच्या वरून धरली तर दुपारपर्यंत सुटते.

आम्ही अकोल्याकडून पातूर, मालेगाव, डोणगाव, मेहकर असं येतो. पातूरनंतरच्या घाटात लहान मुलांना ओकाऱ्या होतात. डोळे मोबाईलवर किंवा पुस्तकावर खिळलेले असले आणि शरीर वळणावर झुकत असलं की मेंदूचा गोंधळ होतो, त्यातून मळमळ येते. निघण्याआधी तासभर थोडं कोरडं खाऊ घालावं. दूध नको, तर्री-पोहे तर मुळीच नकोत. एसटीत मागच्या चाकांवरची आणि शेवटची बाकं टाळावीत, मधल्या किंवा पुढच्या बाकावर बसवून दूरचं झाड दाखवत राहावं. आवळ्याची सुपारी तोंडात असली की बरं वाटतं. तरीही हाताशी दोन पिशव्या आणि ओला रुमाल हवाच.

एसटी मुलींच्या घराला परवडते. ५ वर्षांखाली तिकीट नाही, ५ ते १२ वर्षांना अर्धं, आणि मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धंच. स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गाला मेहकरजवळ उतरता येतं, पण तिथे दुचाकीला बंदी आहे आणि वाटेत थांबायच्या जागा लांबलांब आहेत. चढण्याआधी पोरींना लघवीला नेऊनच चढावं.

आई सोबत नसली तर हाच प्रश्न सगळ्यांत मोठा. घाण स्वच्छतागृह दिसलं की मुली लघवी धरून ठेवतात आणि पाणी पिणंही टाळतात. मग घरी आल्यावर जळजळ, ताप. दर दोन तासांनी, त्यांनी मागितलं नाही तरी, न्यायचं. स्टँडवर थोरलीनं धाकटीला आत न्यायचं आणि बाहेर येणाऱ्या एखाद्या बाईला मोकळेपणानं सांगायचं, "ताई, दोघी पोरी आत हायेत, जरा पाहाल का?" आमच्याकडे या विनंतीला कोणी नाही म्हणत नाही. पाण्याची वेगळी बाटली, कागदी साबण आणि आडोशाला एक जुनी ओढणी पिशवीत वरच असावी.

लोणारला दुपारी पोचून आधी जेवण आणि झोप. चारच्या सुमारास गावातलं दैत्यसूदन मंदिर बघावं. उंच जोत्यावर तारकेच्या आकारात उभं आहे आणि बाहेरच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत मूर्ती. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे देऊळ. ही गोष्ट मुलींना आत जाण्याआधी सांगावी. गाभाऱ्यात अंधार असतो, छोटी बॅटरी लागते. धाकट्या मुलीला भिंतीवरचे हत्ती, घोडे शोधायला लावावे. माहिती सांगत बसलं तर ती पाच मिनिटांत कंटाळते. संध्याकाळी काठावरून नुसतं विवर बघायचं. तिथेच वनखात्याच्या फाटकावर दुसऱ्या दिवशीच्या वेळा आणि पाण्याची पातळी विचारून घ्यायची. पाणी वाढलं की तळ्याकाठची पायवाट आणि काही देवळं पाण्याखाली जातात. अशा वेळी खाली न उतरता विवराच्या वरच्या काठावरच थांबावं.

धाकटी हमखास विचारते, "बाबा, गुलाबी पाणी कुठी हाये?" जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं होतं, त्याचे फोटो घरोघरी पोचले. पाणी आटून खारटपणा वाढला, तेव्हा मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगानं पाणी गुलाबी दिसलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ते तपासलं होतं. पावसाचं पाणी मिसळलं की रंग जातो. एरवी पाणी हिरवट असतं, हे घरूनच सांगून न्यावं.

खाली उतरायचं ते सकाळीच, आठच्या आत. जानेवारीत पहाटे १० ते १२ अंशांचा गारठा आणि दुपारी ३० पर्यंत ऊन, म्हणून वर सहज काढता येईल असा स्वेटर. गोमुखाशी, म्हणजे धारेवर, बारमाही गोड पाणी पडतं. खाली खारं तळं आणि त्याच्याच कडेला वर गोड झरा, हे मुलींना चवीनं कळतं. थेंबभर जिभेला लावू द्यावं, प्यायचं पाणी मात्र आपल्या बाटलीतलंच.

गोमुखाकडून पायऱ्या आणि पायवाटेनं उतरताना मोठ्या माणसानं उताराच्या बाजूला, मुलीच्या एक पाऊल खाली राहायचं. वरून हात धरला तर घसरताना तिचा खांदा ओढला जातो. धाकटी दमली तर पाठीवर घ्यावी. खांद्यावर बसवली की फांद्या तिच्या डोळ्यांना लागतात. काठापासून तळ्यापर्यंतची खोली सव्वाशे मीटरच्या वर आहे. चढायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरायचा, म्हणून निम्मं पाणी चढणीसाठी राखून ठेवायचं. मुलीमागे पाऊण लिटर पुरतं. मीठ-साखरेचं पाणी घरूनच करून न्यावं: एक लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ वाढलं तर फायद्याऐवजी अपाय होतो, त्यामुळे अंदाजानं टाकू नये.

माकडं भरपूर. हातात पिशवी किंवा बिस्किटाचा पुडा दिसला की ती मुलींच्याच अंगावर येतात, कारण त्या उंचीनं लहान. खाण्याचं सगळं मोठ्यांच्या पाठीवरच्या पिशवीत, तोंड बंद करून. झाडावर किंवा देवळाच्या शिखरावर आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता तिथून निघायचं. त्या दिवशी अत्तर, सुगंधी पावडर लावायची नाही.

तळ्याच्या काठाला कुजल्यासारखा वास येतो आणि चिखल फसवा असतो. वरून वाळलेला दिसतो पण पाय आत जातो. पाण्यापासून दोन हात अलीकडे मुलींना थांबवून आपण पुढे वाकून हळदीची पट्टी बुडवावी. क्षणात ती तांबडी होते. या पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास, साबणाच्या पाण्यासारखाच. मग त्याच पट्टीवर लिंबाचा थेंब, की पुन्हा पिवळी. थोरली मुलगी हे दहादा करते, तिला करू द्यावं. या सहलीतला सगळ्यांत मोलाचा अर्धा तास हाच. पाणी हाताला लागलं तर लगेच गोड पाण्यानं धुवायचं, तो हात डोळ्याला लागला तर चुरचुरतं. पिशवीत गुंडाळलेलं चुंबक कोरड्या मातीवरून फिरवलं की काळे लोहकण चिकटतात. ते बेसाल्टमधल्या मॅग्नेटाईट या लोहखनिजाचे असतात. पिशवी उलटी केली की कण सुटून पडतात. पिशवी नसली तर ते चुंबकावरून निघता निघत नाहीत. दगड किंवा माती घरी आणायची नाही. हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही आहे.

विवराच्या वयाचा प्रश्न थोरल्या मुलीकडून येतोच. आधीच्या मोजणीत साधारण ५२ हजार वर्षं आलं होतं, नंतर खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीत सुमारे ५ लाख ७० हजार. दोन्ही आकडे सांगावेत आणि मोजणी कशी बदलते तेही सांगावं. मुलींना याचा राग येत नाही, उलट गंमत वाटते. तळाची कमळजादेवी, मोर आणि काठाजवळचे पाणपक्षी एवढं पाहून दहाच्या आत चढायला लागावं. नवरात्रात कमळजादेवीची यात्रा असते, ती लहान मुलींसोबत टाळलेली बरी.

दुपारची झोप काढून सुलतानपूर, बीबी, दुसरबीडमार्गे सिंदखेडराजा. लखुजीराव जाधवांचा वाडा, जिथे १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला, तो मुलींनी पाहायलाच हवा. आपल्या भागातली एक मुलगी याच वाड्यात लहानाची मोठी झाली हे तिथे उभं राहून सांगितलं की मुली वाड्याची दारं, खोल्या स्वतःहून विचारायला लागतात. १२ जानेवारीला गर्दी अफाट असते. त्या दिवशी जायचं तर मुलीच्या खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी हवी आणि भेटायची एक जागा आधीच ठरवलेली हवी. पुतळा बारवेच्या, म्हणजे तिथल्या जुन्या विहिरीच्या, पायऱ्या उंच आहेत. तिथे मुलींना बसूनबसून उतरवावं आणि काठावर धावू देऊ नये. मोती तलावावर संध्याकाळी थोडं थांबून परतीला लागायचं.

पहिल्या रात्री लोणारच्या मुक्कामी मुलींना त्यांच्या नेहमीच्या वेळेलाच झोपवावं. धाकटीची वाकळ घरून न्यायचा कंटाळा करू नये, परक्या पांघरुणात ती बारापर्यंत जागते आणि दुसरा दिवस हातचा जातो. घरी आल्यावर मोजे, पँटी इतर कपड्यांत टाकण्याआधी उलट्या करून कुसळं वेचायची. धुतल्यावर ती कापडात रुततात आणि शाळेच्या गणवेशातही निघतात. बुटांच्या तळव्यातले सराटे चिमट्यानं काढून चुलीत टाकावेत. अंगणात फेकले तर पुढच्या पावसात तिथेच उगवतात.