रिपोर्ट नॉर्मल, पाय बेपत्ता

"मॅडम, फक्त 'सुधारणा चांगली' एवढंच लिहा. बाकीचं मी बघतो."

काकांनी फाइल माझ्याकडे सरकवली. सगळ्यात वर रक्ताचा रिपोर्ट होता आणि व्हिटॅमिन बी-१२च्या आकड्याभोवती पेनाने गोल काढलेला. पातळी वरच्या मर्यादेच्याही पलीकडे. काका लांब पल्ल्याच्या बसचे चालक. चौदा महिने घरी बसून कंटाळलेले, आता परत स्टिअरिंग हवं होतं. न्यूरॉलॉजिस्टनी त्यांना आमच्या फिजिओथेरपी विभागात पाठवलं होतं: तोल, चाल आणि पायावरचा ताबा तपासून लेखी कळवा, फिटनेसचं मग ठरवू. काकू शेजारी बसल्या होत्या, गप्प.

रिपोर्ट चांगला आला म्हणजे आपण बरे झालो, असं काकांचं म्हणणं. रिपोर्टपुरतं ते खोटं नव्हतं. इंजेक्शनं घेणाऱ्या माणसाच्या रक्तात बी-१२ भरपूर दिसणारच. पण तो आकडा रक्तापुरता. मज्जारज्जूत काय शिल्लक आहे, हे त्यावरून कळत नाही.

फाइल मागे चाळली की सगळी हकिगत सापडते. अल्सरमुळे बऱ्याच वर्षांपूर्वी जठराचा मोठा भाग काढलेला. बी-१२ लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला शोषलं जातं, पण त्यासाठी जठरात तयार होणारा इंट्रिन्सिक फॅक्टर नावाचा प्रथिन घटक लागतो. जठर गेलं की तोही गेला. तरी लगेच काही होत नाही, कारण यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, साठा मिलिग्रॅममधला. त्यामुळे त्रास सुरू होतो तेव्हा ऑपरेशन कुणाच्या ध्यानीमनीही नसतं. काकांना आधी थकवा आला. हिमोग्लोबिन कमी निघालं म्हणून कुठेतरी लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू झाल्या. हिमोग्लोबिन वर आलं, सगळे खूश. फॉलिक ॲसिडची गोम इथेच आहे. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांची झीज चालूच राहते. मुंग्या तळव्यातून गुडघ्यापर्यंत चढल्या, अंधारात झोक जायला लागले, हाताची बोटं बधिर झाली. बी-१२ तपासायचं कुणाला तरी सुचलं तोवर वर्ष उलटून गेलं होतं. एमआरआयमध्ये मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला उलट्या व्हीसारखी पांढरी खूण. निदान: सबॲक्यूट कम्बाइंड डिजनरेशन, म्हणजे बी-१२ कमी पडून होणारी मज्जारज्जूची झीज.

काकांना कॉटवर झोपवलं आणि ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरत राहणारा धातूचा दुबेळका) वाजवून घोट्याच्या हाडावर टेकवला.

"काय जाणवतंय?"

"गार लागतंय."

"थरथर?"

"थरथर नाही. गार."

नडगीवर तेच, गुडघ्यावर तेच. कमरेच्या हाडावर ठेवला तेव्हा कुठे म्हणाले, "हां, आता गुणगुणतंय." गारवा आणि टोचणं एका वाटेने मेंदूकडे जातं, थरथर आणि सांध्याची स्थिती दुसऱ्या. काकांची दुसरी वाट गेली होती. काकू पहिल्यांदा बोलल्या, "मुलगा म्हणतो, चिमटा काढला तर कळतो ना बाबांना, मग बधिर कसलं?" अशा घरांत हा प्रश्न ठरलेला असतो आणि त्यातून 'नाटक करतात' इथपर्यंत मजल जायला वेळ लागत नाही.

मग अंगठा. पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरायचा. वरखाली धरला तर बोटाच्या दाबावरून माणूस ओळखतो. डोळे मिटून सांगायचं, अंगठा वर गेला की खाली. काका पटापट उत्तरं देत होते, अगदी आत्मविश्वासाने. वर, वर, खाली, वर. निम्मी बरोबर, निम्मी चूक, म्हणजे सगळा अंदाजपंचे कारभार. मध्येच मी अंगठा हलवलाच नाही, तरी "खाली" आलं.

उभं राहायला सांगितलं. पाय जुळवून, डोळे उघडे: ठीक. डोळे मिटले आणि दोन-तीन सेकंदांत ते मागे जायला लागले. मी पाठीशी होतेच. काकू म्हणाल्या, "म्हणूनच हे तोंड धुताना डोळे मिटत नाहीत. साबण तसाच राहतो." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू घरातलं गुपित फोडलं. तोंड धुताना बेसिनवर तोल जाणं ही या आजाराची जुनी ओळख आहे. पेशंट स्वतःहून ते क्वचितच सांगतात.

पण काकांना यातलं काहीच पटत नव्हतं, आणि त्यांच्या बाजूने तेही बरोबरच होतं. "डोळे मिटून बस कोण चालवतो?"

म्हणून मी वजनकाटा आणला. ही काही पुस्तकातली चाचणी नाही, आमच्या विभागातला जुगाड आहे. खुर्चीत बसवलं, टाच जमिनीवर, काट्याला मागून आधार देऊन तो पॅडलसारखा तिरका ठेवला. "काटा बघत पाच किलो दाब द्या." दिला, अगदी नेमका. परत दिला, परत नेमका. तीस वर्षं पॅडल दाबलेला पाय तो. "आता समोर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघा, रस्त्याकडे बघता तसं. आणि पाच किलो."

काटा वीसच्या पुढे गेला. काकांच्या चेहऱ्यावर काहीच नाही, त्यांच्या मते पाचच होते. मी म्हटलं, "बघा खाली." त्यांनी पाहिलं. पुन्हा करतो म्हणाले. दुसऱ्या वेळी काटा दोनवर थांबला. तिसऱ्या वेळी पाऊल काट्यावरून घसरून बाजूला जमिनीवर टेकलं होतं, आणि ते जमीन दाबत बसले होते.

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "पण मग एवढी इंजेक्शनं?"

याचं उत्तर गुळमुळीत देऊ नये असं माझं मत आहे. 'हळूहळू होईल' म्हणून पेशंटला रिपोर्टच्या आकड्यांवर झुलवत ठेवण्यापेक्षा स्पष्ट बोललेलं बरं. नसांवरचं मायलिनचं आवरण टिकायला बी-१२ लागतं. ते परत मिळालं की झीज थांबते आणि आवरण काही प्रमाणात पुन्हा तयार होतं. सुधारणा बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसते. किती होईल हे उपचाराआधी किती काळ गेला आणि नुकसान किती होतं यावर ठरतं. आवरणाच्या आतला तंतूच गेला असेल तर इंजेक्शन तो आणून देत नाही. उपचार सुरू झाले तेव्हा काका दोन माणसांच्या आधाराने चालायचे, आज आधाराशिवाय चालत आले. ती इंजेक्शनांची कमाई. उरलेलं बहुधा राहणार.

"म्हणजे आता बंद केली तरी चालतील?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. नाही. त्यांचं जठर परत येणार नाही, म्हणून इंजेक्शनं जन्मभर. रिपोर्ट चांगला आलाय तो इंजेक्शनं चालू आहेत म्हणून.

"पूर्वी काय करायचे लोक?"

पूर्वी, जठरात इंट्रिन्सिक फॅक्टरच तयार होत नाही अशा पर्निशियस ॲनिमियाचे, म्हणजे त्यातून होणाऱ्या रक्तक्षयाचे, पेशंट दगावायचे. १९२६ साली मायनट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी पेशंटना रोज भरपूर लिव्हर खायला घालून ते जगतात हे दाखवलं. १९३४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि लिव्हरवर आधी प्रयोग केलेल्या व्हिपल यांना मिळालं. त्या लिव्हरमधलं बी-१२ शुद्ध रूपात वेगळं झालं ते १९४८ साली. काका ऐकून म्हणाले, "म्हणजे मी उशिरा जन्मलो ते बरंच." त्या दिवसातला त्यांचा एवढाच विनोद.

पिशवीतून आणखी दोन डब्या निघाल्या, 'नसांच्या ताकदीच्या' गोळ्या, कुणीतरी सुचवलेल्या. दोन्हींत बी-६ भरपूर. बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतलं तर संवेदनेच्या नसा त्यानेच खराब होतात, हे खुद्द गोळ्या सुचवणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसतं. डब्या न्यूरॉलॉजिस्टना दाखवायला सांगितल्या आणि तसं फाइलमध्ये लिहिलं.

मग कामाचं बोललो. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा चालूच ठेवायचा. अंघोळ स्टुलावर बसून. गुबगुबीत तळव्याचे बूट नकोत. पातळ, घट्ट तळवा हवा, म्हणजे जमिनीची जी काही खबर वर पोचते ती तरी पोचेल. रोज तळवे बघायचे, जखम कळत नाही. काठीला त्यांचा कडकडीत विरोध. "म्हातारा दिसतो." मी सांगितलं, काठी भार टाकायला नाही, पायाला कळत नाही ते हाताला कळावं म्हणून आहे. बोटांनी हलकं टेकवली तरी तोल सुधारतो. कॉरिडॉरमध्ये करून दाखवल्यावर निदान वाद घालायचे थांबले.

अहवालात मी लिहिलं: चालणं स्वतंत्र, उजेडात सुरक्षित, नजरेच्या आधाराशिवाय पायाच्या दाबावर आणि जागेवर नियंत्रण नाही. काकांनी वाचायला मागितला, वाचला, "सुधारणा चांगली कुठे आहे?" विचारलं. पहिल्याच ओळीत होतं, बोट ठेवून दाखवलं. ते न बोलता गेले. काकू दारातून मागे वळून म्हणाल्या, "मुलाला पुढच्या वेळी घेऊन येते. त्या काट्यावर त्याच्यासमोर करा."

बस त्यांना मिळाली नाही. डेपोत ड्युटी लावायचं काम मिळालं. ते त्यांना आवडत नाही, आणि आवडावं असा आग्रह मीही धरत नाही. मुलगा आला, काटा पाहिला, वडिलांना काही म्हणाला नाही. घरात दिवे मात्र बसवून घेतले.

मध्यंतरी काका नवीन प्रश्न घेऊन आले: ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय असलेली छोटी गाडी असते म्हणे, स्वतःपुरती, ती जमेल का? असते. पण मग हात तपासायला हवेत. खिशात किल्ली, नाणं आणि बटण टाकून न बघता ओळखायला सांगितलं. उजव्या हाताने तिन्ही ओळखली. डाव्या हातात नाणं आणि बटण एकच वाटत होतं. परवानगी देणं माझ्या हातात नाही, ती तपासणी वेगळी. तोवर डाव्या हाताचा सराव चालू आहे: तांदळाच्या डब्यात बटणं शोधणं, डोळे मिटून.