साठ किलोचा सेंच्युरियन वळवायला मोटर कोणती?

मोठ्या रिमोट रणगाड्यासाठी मोटर घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटची?" मी म्हणेन, आधी तो वळवायला किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागेल ते काढा.

माझा सेंच्युरियन, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश रणगाड्याचं मॉडेल, १/६ मापाचा आहे. मापांच्या शंका नगरच्या रणगाडा संग्रहालयात खरा सेंच्युरियन बघून फेडल्या. ॲल्युमिनियमची बॉडी, धातूचे ट्रॅक, बॅटऱ्यांसकट वजन ६० किलो. ट्रॅकचा जमिनीला टेकणारा भाग ७५ सेंमी, दोन ट्रॅकमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ४४ सेंमी. सपाट जमिनीवर सरळ जायला प्रत्येक बाजूला ३० न्यूटनच्या आसपास जोर पुरतो. जागच्या जागी वळताना मात्र अख्खा ट्रॅक आडवा घासत जातो. घर्षणांक ०.७ धरला तर हाच जोर १७५ न्यूटनवर जातो, म्हणजे जवळपास सहापट! ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाची, म्हणजे स्प्रॉकेटची, त्रिज्या साडेपाच सेंमी, त्यामुळे टॉर्क झाला ९.६ न्यूटन-मीटर. जुन्या भाषेत शंभर किलो-सेंमीला थोडा कमी.

या हिशोबात वजनाइतकाच लांबी-रुंदीचा भाव चालतो. म्हणून सारख्या वजनाचे दोन रणगाडे घेतले, तर आखूड-रुंद टायगर पटकन वळेल आणि लांबलचक चर्चिल मोटरला घाम फोडेल.

वेगाचं सोपं आहे. खरा सेंच्युरियन ताशी ३५ किमीच्या आसपास जायचा. त्याचा सहावा भाग सहाच्या आतच. मला ताशी ४ पुरे, शेजारून चालता येतं.

मी घेतल्या ई-बाइकच्या २४ व्होल्ट, २५० वॅटच्या दोन गिअर मोटर. साधारण ३०० आरपीएम, ८ न्यूटन-मीटर. पुढे १० आणि १५ दात्यांची चेन घातली की २०० आरपीएम आणि १२ न्यूटन-मीटर हाती येतात. चेनमधला थोडा तोटा धरूनही वळणाला पुरून उरतं.

जुन्या बाजारातली वायपर मोटर स्वस्त मिळते, पण ती घेऊ नका. बऱ्याच वायपर मोटरची निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेली असते. धातूच्या हलमध्ये (रणगाड्याच्या खालच्या बॉडीत) दोन्ही मोटर बसवून उलटसुलट फिरवल्या की बॉडीतूनच शॉर्ट. शिवाय अनेकींचे ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) एकाच दिशेसाठी सरकवलेले असतात. रणगाड्यात डावी-उजवी मोटर आरशासारखी समोरासमोर बसते, म्हणजे पुढे जाताना एक सुलटी फिरते, एक उलटी. वेग जुळत नाही आणि गाडी सतत एका बाजूला ओढते. व्हीलचेअरच्या मोटर उत्तम, डावी-उजवी जोडीच मिळते. माझ्या हलमध्ये त्यांची उंची मावेना.

मोटरला वीज कमी-जास्त करणारा कंट्रोलर घेण्याआधी मोटरचा रोध मोजा. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आलेला आकडा वजा करायचा, शाफ्ट थोडाथोडा फिरवत चार-पाच ठिकाणी बघायचं. ०.४ ओहम आला, तर मोटर अडकल्यावर २४ व्होल्टला ६० अँपिअर ओढणार. म्हणून मी सेबरटूथ २×३२ हा दोन मोटरचा कंट्रोलर लावला: प्रत्येक मोटरला सलग ३२ अँपिअर, क्षणभर ६४.

पहिली चाचणी गवतावरच घ्या, तीही वळणांची. दर दोन-तीन मिनिटांनी थांबून मोटरच्या अंगाला हात लावायचा. हात टेकवत नसेल तर चेनच्या मोठ्या चाकाला आणखी तीन-चार दाते वाढवा. वेग थोडा जाईल, जाऊ दे.