डेंगीची एनएस-१ चाचणी (रक्तात विषाणूचं प्रथिन शोधणारी) निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका
आज लॅबमध्ये दिवसभर एकच प्रश्न: "एनएस-१ निगेटिव्ह आहे, म्हणजे डेंगी नाही ना?" आधी तापाचा कितवा दिवस ते सांगा. पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ उपयोगी. पुढे ती निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) करावी लागते. सहाव्या दिवशी नुसती एनएस-१ करून लोक घरी जातात, याची फार काळजी वाटते. तापाला पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

क-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी डेंगी बरा होत नाही. प्रौढांना रोज ६५ ते ८० मिलिग्रॅम पुरतं, एका मध्यम पेरूत त्याहून जास्त असतं. लिंबू मात्र उकळत्या वरणात नको, ताटात पिळा. उष्णतेने हे जीवनसत्त्व नष्ट होतं. मुतखडा झालेल्यांनी १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या परस्पर घेऊ नयेत.