सकाळी लावा, संध्याकाळी ठरवा

आमचं दुकान म्हणजे कोल्हापुरातला 8 बाय 10 चा गाळा. वडील कनौजहून अत्तर मागवायचे आणि तोळ्यावर विकायचे. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला डोंगरावर पाल टाकायचे. गिऱ्हाईक आलं की कानात कापसाचा फाया खोचून म्हणायचे, "आधी दर्शन करून या, आवडलं तर उतरताना पैसे द्या." निम्मे लोक दुसऱ्याच वाटेनं उतरायचे. मला तेव्हा वडिलांचा राग यायचा.

दुकान माझ्याकडे आलं तोवर चंदनाचं तेल परवडेनासं झालं होतं. कनौजचं अस्सल अत्तर म्हणजे देगेत, तांब्याच्या हंड्यात, फुलं शिजवायची आणि त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ गोळा करायच्या भांड्यातल्या, चंदनतेलात मुरवायची. त्याला तळ, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा वास, आधीपासूनच असतो. बाजारात मात्र लिक्विड पॅराफिनवरचा माल शिरला. पॅराफिनला स्वतःचा वास नाही, त्यामुळे वरचा गुलाब उडाला की हातावर नुसता तेलकटपणा उरतो. तो विकण्यापेक्षा थरांचा, स्पिरिटमधला परफ्यूम आपणच बांधावा असं ठरवलं. परवाने आणि लेबलांत किती चपला झिजल्या ते सोडा.

पहिला परफ्यूम मी कागदी पट्टीवर हुंगून बनवला. वर लिंबू, मधे मोगरा, खाली वाळा आणि नागरमोथा. काउंटरवर एकच हुंगा घेऊन लोक बाटली उचलायचे. एका लग्नाची 40 बाटल्यांची ऑर्डरही मिळाली. लग्नानंतर आठवड्यानं नवरीची आई दारात. "ताई, घरातनं निघताना काय घमघमाट होता! आणि मुहूर्ताला पोरीच्या अंगाला जुन्या ट्रंकेचा वास यायला लागला की ओ!"

पैसे परत केले आणि त्या रात्री स्वतःच्या मनगटावर तोच परफ्यूम लावून वही घेऊन बसले. स्पिरिट मिनिटभरात उडालं. लिंबू विसाव्या मिनिटाला गायब. मोगरा तासाभरात विरळ झाला, कारण मी तो महाग म्हणून हात राखून घातला होता. मग मागे राहिला एकटा नागरमोथा: ओलसर, धुरकट, मातकट. ट्रंक सापडली!

लिंबाच्या तेलातलं लिमोनीन 176 अंशांना उकळतं, चंदनातलं सँटॅलॉल 300 च्या घरात. अंगाची ऊब दोघांनाही उकळवत नाही, पण हलकं आधी निसटतं, जड चिकटून बसतं. मधला थर भक्कम नसेल तर वरून थेट तळात आदळायला होतं. मग लिंबू कमी केलं, मोगऱ्याला जिरेनियमचा टेकू दिला आणि खाली थोडं चंदन घातलंच, नफा गेला खड्ड्यात.

आणि दवणा. यात्रेत वडिलांच्या पालाशेजारी ज्याच्या जुड्या विकायला असायच्या, तोच. (तेल मात्र आम्ही कर्नाटकातून आणतो.) हा प्रत्येकाच्या अंगावर वेगळा फुलतो, अशी अत्तरवाल्यांत त्याची जुनी ख्याती. आम्ही तिघांनी एकाच कुपीतला लावून बघितला. दोन तासांनी माझ्या हातावर पिकल्या फळाचा गोडवा, जाऊबाईंच्या हातावर कडसर पाला, आणि दुकानातल्या पोराच्या मनगटावर थेट चहाची पूड. कागदी पट्टीवर यातलं काहीच कळलं नसतं.

तेव्हापासून दुकानात एका वेळी दोनच वास, एकेका मनगटावर एक. मनगटं एकमेकांवर घासायची नाहीत. ती घासायची सवय मोडताना मात्र जीव जातो. लग्नात अत्तर लावलं की चोळायचंच, हे आपल्या हाडात आहे. नाक थकलं तर हुंगायला ठेवलेल्या कॉफीच्या बियाही मी काढून टाकल्या. त्यापेक्षा दाराबाहेर उभं राहून मोकळी हवा घ्यावी, तेवढाच फरक पडतो. कातडी कोरडी असेल तर आधी खोबरेल तेलाचा थेंब लावायला सांगते, वास जास्त टिकतो.

पैसे त्याच वेळी घेत नाही. सकाळी लावून जा, संध्याकाळी सांगा. पहिल्या महिन्यात गल्ला इतका बसला की जाऊबाईंनी बोलणंच सोडलं. आता दहातले पाच-सहा परत येतात. यात्रेतल्या हिशोबाच्या आसपासच म्हणायचं.

ती नवरीची आई परवा धाकटीच्या लग्नासाठी आली होती. दोन्ही मनगटांवर लावून घेतलं, नाव सांगितलं नाही, भावही विचारला नाही. अजून काही निरोप नाही.