हॉलला जांभळा, तोही चारही भिंतींना

आमच्या हॉलच्या चारही भिंती आता जांभळ्या आहेत. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला मंगल कार्यालयातलं स्टेज आठवतं, म्हणून आधीच सांगते, तो जांभळा नव्हे. हा राखाडीत मुरलेला, पावसाळी दिवशी जवळजवळ राखाडीच वाटणारा आणि ऊन आलं की किंचित लाली दाखवणारा रंग आहे. सासूबाईंनी त्याचं वर्णन एका वाक्यात केलं : "माझा वांगी रंगाचा शालू धुऊन धुऊन असाच विटला होता." त्यांनी ते कौतुकाने म्हटलं की कसं, ते मी विचारलं नाही.

पेंटर पहिल्याच दिवशी म्हणाला, "मॅडम, हॉल अंधारा होईल. एकच भिंत हायलाइट करा, बाकी क्रीम मारू." हा सल्ला आता घरोघरी ऐकू येतो आणि भडक रंगाला तो ठीकही आहे. पण मुरलेल्या जांभळ्याशेजारी क्रीम आलं की दोघांचंही नुकसान होतं. पिवळा आणि जांभळा हे एकमेकांचे विरोधी रंग. शेजारी आले की क्रीम आणखी पिवळं दिसतं आणि जांभळ्यातला तो शांत राखाडीपणा नाहीसा होतो.

रंगांच्या या शेजाराची एक जुनी गोष्ट आहे. पॅरिसमधला गोबेलाँचा विणलेल्या भित्तिपटांचा कारखाना. तिथल्या रंगाई विभागाचा प्रमुख होता शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्या विणायला वापरलेला काळा धागा फिका वाटतो, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने काळा रंग तपासला, दुसरीकडच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिला, तर रंगात काहीच खोट नव्हती. शेजारचा निळा-जांभळाच त्या काळ्याचा जोर खात होता. १८३९ मध्ये त्याने या शेजारधर्माचे नियम छापले. पेंटरला मी हे सांगितलं नाही, नुसतं "चारही भिंती" म्हटलं.

माझी सगळी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात झाली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं क्रिमझन आणि अल्ट्रामरीन मिसळून जांभळा छान करायची. तो मंद करायचा म्हटलं की सगळ्यांचे ब्रश थेट काळ्याच्या बाटलीत. काळ्याने जांभळा मंद होत नाही, मरतो. त्याऐवजी चिमूटभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घातला तर तो खाली बसतो, पण जिवंत राहतो. रंगाच्या दुकानात हेच उपयोगी पडलं. शेड बनवणाऱ्या टिंटिंग मशीनच्या पडद्यावर त्या शेडमध्ये कोणता कलरंट, म्हणजे मूळ रंगद्रव्य, किती पडणार हे दिसतं. काउंटरवरच्या मुलाला मी ते दाखवायला लावलं. एका शेडमध्ये व्हायोलेट आणि काळा, बस. दुसरीत काळ्याबरोबर थोडा यलो ऑक्साइड आणि थोडा रेड ऑक्साइड. शेड कार्डावर दोन्ही चौकोन सख्खी भावंडं वाटत होती. घेतली ती दुसरी.

आता उजेडाचं, कारण खरा खेळ तिथे आहे. मासिकांतले जांभळे हॉल पाहून आपण भुलतो, पण ते फोटो बहुतेक पिवळसर दिव्यांत किंवा मोठ्या खिडकीच्या उजेडात काढलेले असतात. आपल्याकडे हॉलमध्ये माणसं जमतात ती दिवेलागणीनंतर, तीही पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली. खोक्यावर ६५०० के लिहिलेली ती ट्यूब. के म्हणजे केल्विन, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर, लहान तेवढा पिवळा. तिच्याखाली हा रंग निळसर पडतो आणि बसलेली माणसं आजारी दिसतात. ३००० केचा पिवळा दिवा लावला तर उलटं होतं, जांभळा तपकिरीकडे झुकतो आणि संध्याकाळी हौसेने दिलेला रंग गेला कुठे म्हणून शोधावा लागतो. आमच्याकडे ४००० केवर तो स्थिरावला. खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघा, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो; ९० किंवा त्याहून जास्त असेल तर उत्तम. रंगाचा डबा उघडण्याआधी दिवे बदला, असं मी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खर्चही कमी येतो.

नमुन्यासाठी भिंतीवर पट्टे मारू दिले नाहीत. जुना पिवळसर क्रीम रंग त्या पट्ट्याच्या चारही बाजूंनी आला असता, म्हणजे पुन्हा शेव्रल. त्याऐवजी मोठ्या ड्रॉइंग शीटवर कडेपर्यंत दोन हात मारले, वाळू दिले आणि ती शीटं भिंतीभिंतीवर हलवली. खिडकीसमोरची भिंत, खिडकीच्या बाजूची भिंत, सोफ्यामागचा कोपरा. आमची खिडकी पश्चिमेला, बाहेर आंब्याचं झाड. दुपारी पानांतून गाळून येणारा हिरवट उजेड जांभळ्याला चक्क राखाडी करून टाकतो, आणि पाचनंतर उन्हं आत आली की तीच भिंत उबदार होते. ओला रंग पाहून घाबरू नका, इमल्शन वाळल्यावर थोडं गडद होतं. शिवाय चार भिंती रंगल्या की एकीचा रंग दुसरीवर पडतो आणि कोपरे गडद वाटतात. म्हणून शीटवर आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी अधिक राखाडी शेड घेतली.

अंधाराची भीती मात्र निराधार नव्हती. भिंत किती उजेड परत फेकते त्याचा आकडा असतो, एलआरव्ही. पांढऱ्याचा ८०च्या वर, आमच्या शेडचा ५०च्या आसपास. म्हणून छत पांढरंच ठेवलं आणि खिडकीवरचा जुना जाड पडदा काढला.

फिनिश मॅट. आमच्या इमारतीच्या भिंती सरळ नाहीत, लांबी (पुट्टी) भरून आणि घासूनही उंचवटे उरतातच. चकचकीत रंगावर ते संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मोजून घ्यावेत इतके दिसतात. मॅटचा तोटा हा की सोफ्याच्या पाठीमागे डोकं टेकतं तिथे डाग पडतो, आणि जोरात पुसलं तर तेवढाच भाग चकाकतो. आमच्याकडे ती जागा ह्यांची. त्यांच्यासाठी सोफा वीतभर पुढे ओढला.

सर्वांत जास्त फायदा झाला तो जुन्या सागवानी शोकेसचा. क्रीम भिंतीपुढे इतकी वर्षं ती कुणाच्या लेखी नव्हती. जांभळ्यापुढे सागाचा पिवळेपणा उठून आला आणि लोक विचारतात, नवीन पॉलिश केलंत का? पितळेची समईही तशीच. स्टीलची रॅक मात्र बिचारी दिसायला लागली, ती आता गॅलरीत आहे.

पडद्यांचं अजून ठरलेलं नाही. ह्यांना मरून हवेत, मला कोरं, न रंगवलेलं खादीचं कापड. सासूबाई म्हणतात, तोवर खिडकी उघडीच बरी आहे, आंब्याला मोहोर आलाय तो दिसतो.